सीआरटीची डावी लीड: जागा तीच ठेवून विजेची वाट कशी बदलता येते

जिंतूर तालुक्यातील एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, शेती करणारे. हृदयाचे पंपिंग २५ टक्क्यांवर आल्यामुळे तीन महिन्यांपूर्वी हैदराबादला सीआरटी यंत्र, म्हणजे हृदयाच्या दोन्ही खालच्या कप्प्यांना ठोका देऊन त्यांचा समन्वय साधणारे पेसमेकरसारखे यंत्र, बसवले. तेव्हापासून डाव्या कुशीवर निजले की डाव्या बरगडीखाली प्रत्येक ठोक्याबरोबर पोट उडते आणि रात्रीची झोप मोडते. दम लागणेही अपेक्षेइतके कमी झालेले नाही. जवळच्या डॉक्टरांनी ‘वायर सरकली असेल, पुन्हा उघडावे लागेल’ असे सांगितल्यामुळे घरचे धास्तावले आहेत. न उघडता बाहेरूनच काही जुळवता येईल का?

येईल, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. मराठवाड्यात या यंत्रांच्या तपासण्या करण्यात माझी वीसेक वर्षे गेली. ‘सायेब, उचकीवानी पोट उडायलंय’ ही तक्रार इतक्यांदा कानावर आली आहे की आता मीच आधी विचारतो, कोणत्या कुशीवर झोपता? ही तक्रार खरी असते, पण तिच्यामुळे लीड, म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी वायर, सरकली असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. लीड होती तिथेच असते आणि तिच्यातून सोडली जाणारी वीज शेजारच्या चेतातंतूपर्यंत पोहोचत असते, असेच बहुधा आढळते.

हे समजण्यासाठी तीन लीडपैकी डावी लीड कुठे असते ते पाहावे लागेल. पहिली लीड हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात आणि दुसरी उजव्या खालच्या कप्प्यात, आतून भिंतीला टेकवून किंवा स्क्रूने रोवून बसवतात. तिसरी डाव्या खालच्या कप्प्यासाठी असते, पण ती त्या कप्प्याच्या आत जात नाही. कोरोनरी सायनस नावाच्या शिरेतून वळसा घेऊन ती हृदयाच्या बाहेरच्या अंगावरील एखाद्या बारीक शिरेत सरकवलेली असते. १९९४ साली फ्रान्समध्ये हा उपचार प्रथम करून पाहिला तेव्हा डाव्या बाजूची लीड छाती उघडून हृदयावर टाकावी लागली होती. शिरेतून कायमची लीड नेण्याचा अनुभव १९९८ मध्ये फ्रान्समधूनच प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर हा उपचार जगभर पसरला. या मार्गाची अडचण अशी की शीर जिथे नेईल तिथेच लीड जाते. बसवणाऱ्याला भिंतीवरची हवी ती जागा निवडण्याची मुभा नसते. प्रत्येकाच्या शिरांचा नकाशा वेगळा असतो आणि चांगली शीर कधी फार बारीक, कधी फार वाकडी निघते. त्यात डावा फ्रेनिक चेतातंतू मानेतून निघून हृदयाच्या याच डाव्या अंगावरून खाली श्वासपटलाकडे जातो. ज्या बाजूच्या शिरेत लीड टाकणे हृदयासाठी सर्वांत फायद्याचे असते, नेमकी तीच बाजू या चेतातंतूच्या शेजारची आहे. त्याला वीज लागली की श्वासपटल आकसते, आणि रुग्णाला पोट उडाल्यासारखे किंवा उचकी लागल्यासारखे वाटते. डाव्या कुशीवर वळल्यावर हृदय छातीच्या भिंतीकडे थोडे झुकते, लीड आणि चेतातंतू यांच्यातील अंतर घटते. म्हणून टेबलावर उताणे असताना काहीच न जाणवणारा रुग्ण रात्री घरी अंथरुणावर हैराण होतो.

वडिलांच्या बाबतीत तीन महिन्यांचा कालावधीही लक्षात घ्यावा. लीड नवी असताना तिच्या टोकाभोवतीच्या स्नायूला थोडी सूज येते आणि ठोका उमटवण्यासाठी लागणारी किमान वीज, म्हणजे थ्रेशोल्ड, काही आठवडे वरखाली होत राहते. या काळात ठोका चुकू नये म्हणून वीज मुद्दाम जास्त ठेवतात. ती साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजून खाली आणायची असते. दूरच्या शहरात यंत्र बसवून गावी परतलेल्या अनेक रुग्णांची ही तिसऱ्या महिन्याची तपासणी राहूनच जाते. बसवण्याच्या दिवशी ठेवलेले ३.५ व्होल्ट वर्षभर तसेच चालू असलेले मी कितीदा तरी पाहिले आहेत. अशा वेळी पोट उडणे थांबवायला नुसती वीज कमी करणे पुरते, आणि बॅटरीचे आयुष्यही वाढते. स्पंदाची, म्हणजे यंत्र दर ठोक्याला सोडते त्या विजेच्या झटक्याची, ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्होल्टेज निम्मे केले तर ऊर्जा पावपट लागते.

मात्र वीज कमी करूनही भागत नाही अशी परिस्थिती असते, आणि तेव्हा विजेची वाट बदलण्याचा उपाय कामी येतो. पूर्वीच्या डाव्या लीडवर दोनच इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडणारे धातूचे बिंदू, असत. आता बहुतेक लीडवर चार असतात. अशी पहिली चार इलेक्ट्रोडची लीड अमेरिकेत २०११ च्या अखेरीस मान्यता पावली. तिच्यावर टोकाच्या आणि शेवटच्या इलेक्ट्रोडमधील अंतर ४७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटर होते. हृदयाच्या मापाने हे अंतर मोठे आहे. ठोक्याची लाट ज्या इलेक्ट्रोडपाशी सुरू होते तो कॅथोड, आणि वीज जिथून परत फिरते तो अॅनोड. कॅथोड म्हणून टोकाचा इलेक्ट्रोड निवडायचा की मधला की सर्वांत मागचा, आणि अॅनोड म्हणून त्याच लीडवरचा दुसरा इलेक्ट्रोड घ्यायचा की उजव्या लीडवरचे कडे (रिंग इलेक्ट्रोड) वा शॉक देणारी कॉइल, याच्या जोड्या लावल्या तर यंत्राच्या बनावटीप्रमाणे दहापासून सतरापर्यंत वाटा मिळतात. या वाटांना आम्ही व्हेक्टर म्हणतो. छातीवर वँड (यंत्राशी संपर्क साधणारे हातातले उपकरण) ठेवून, किंवा नव्या यंत्रांत बिनतारी जोडणीने, प्रोग्रॅमर नावाच्या तपासणी संगणकाच्या पडद्यावरून ही निवड बदलता येते. सुई नाही, भूल नाही, उपाशी राहायला नको. लीड एक मिलिमीटरही न हलता ठोका सुरू होण्याची जागा दोन-चार सेंटिमीटर मागे नेता येते, आणि चेतातंतूला चुकवायला बहुधा तेवढे अंतर पुरते.

प्रत्यक्ष तपासणीत प्रत्येक व्हेक्टरसाठी दोन आकडे काढायचे असतात: किती व्होल्टला हृदयाचा ठोका उमटतो, आणि किती व्होल्टला पोट उडू लागते. समजा, टोकाच्या इलेक्ट्रोडवरून ठोका १.२ व्होल्टला उमटतो आणि पोट २ व्होल्टला उडते, तर तिथे हालचालीला जागाच कमी आहे. मागच्या इलेक्ट्रोडवरून ठोक्याला १.५ व्होल्ट लागत असतील आणि ७.५ व्होल्टपर्यंतही पोट शांत राहत असेल, तर ०.३ व्होल्टचा तोटा सोसून मी डोळे झाकून मागचा इलेक्ट्रोड घेईन. यात आणखी एक लाभ आहे. लीडचे टोक हृदयाच्या शेंड्याकडे गेलेले असेल तर उपचाराचा परिणाम कमी होतो, हे मॅडिट-सीआरटी चाचणीतील रुग्णांच्या २०११ च्या विश्लेषणातून दिसले आहे. मागचा इलेक्ट्रोड शेंड्यापासून दूर, बुंध्याकडे असतो. म्हणून चेतातंतू टाळण्यासाठी केलेला बदल कधी कधी दम कमी करायलाही उपयोगी ठरतो.

ही सारी मोजणी उताणे, बसून आणि डाव्या कुशीवर अशी तिन्ही स्थितींत, दीर्घ श्वास घ्यायला लावून व्हायला हवी. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत किनवटकडच्या एका रुग्णाची तपासणी मी फक्त उताणे ठेवून केली, सगळे ठीक आहे असे सांगून घरी पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात उभा होता. त्याला रात्रभर झोप नव्हती, आणि एसटीच्या दोन्ही वेळच्या प्रवासाचा भुर्दंड माझ्यामुळे पडला होता.

जुनी, दोनच इलेक्ट्रोडची लीड असेल तर वाटा कमी असतात, पण आणखी एक युक्ती शिल्लक राहते. स्पंदाची उंची व्होल्टमध्ये आणि रुंदी मिलिसेकंदात मोजतात. चेतातंतू अगदी क्षणिक स्पंदालाही चटकन प्रतिसाद देतो, हृदयाच्या स्नायूला थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे स्पंद रुंद करून त्याची उंची घटवली, तर ठोका टिकतो आणि चेतातंतू शांत राहण्याची शक्यता वाढते. उदाहरणार्थ, ०.४ मिलिसेकंदाचा ३ व्होल्टचा स्पंद आणि १ मिलिसेकंदाचा १.८ व्होल्टचा स्पंद यांना लागणारी ऊर्जा जवळपास सारखीच असते, पण चेतातंतूच्या दृष्टीने दुसरा बराच सौम्य. अंबाजोगाईकडच्या एका बाईंना लीड बदलण्यासाठी तारीखही मिळालेली होती. केवळ रुंदी वाढवून त्यांची तक्रार थांबली. चार महिन्यांनी ती परत सुरू झाली तेव्हा कारण निराळे निघाले. काही यंत्रे रात्री आपोआप थ्रेशोल्ड मोजून वीज स्वतःच वाढवतात, आणि त्यांच्या यंत्राने ती वाढवली होती. त्या स्वयंचलित वाढीला वरची मर्यादा घालून प्रश्न मिटवला. वडिलांचे पोट ठरावीक वेळी, मध्यरात्रीनंतर काही क्षणच उडत असेल, तर या रात्रीच्या आपोआप होणाऱ्या मोजणीची शंका घ्यावी.

डाव्या लीडला थ्रेशोल्डच्या वर किती राखीव वीज ठेवायची, याबाबत मी बऱ्याच सहकाऱ्यांपेक्षा कमी भित्रा आहे. उजव्या खालच्या कप्प्यातील लीडला दुप्पट व्होल्टेजची मुभा ठेवतात, कारण तिथला ठोका चुकला तर काही रुग्णांच्या जिवावर बेतते. डाव्या लीडचा ठोका एखाद्या वेळी चुकला तर उजवी लीड हृदय चालू ठेवतेच. नुकसान होते ते समन्वयाचे. म्हणून पोट उडत असेल तर थ्रेशोल्डच्या वर अर्धा ते एक व्होल्ट ठेवून मी थांबतो आणि रुग्णाला महिन्याभराने पुन्हा बोलावतो.

एक तांत्रिक खाचही सांगायला हवी, कारण तिच्यात अनुभवी माणसेही फसतात. अॅनोड म्हणून उजव्या लीडवरचे कडे वापरले आणि वीज जास्त असली, तर त्या कड्यापाशीही हृदय पकडले जाते, म्हणजे तिथूनही ठोका उमटतो. मग ईसीजीचा आकार मध्येच बदलतो आणि तपासणाऱ्याला डावा ठोका कुठे गेला व कुठे राहिला ते कळेनासे होते. म्हणून थ्रेशोल्ड मोजताना पडद्यावरच्या एकाच रेघेवर विसंबू नये. पूर्ण १२ लीडचा ईसीजी लावावा. डाव्या बाजूने ठोका सुरू होत असेल तर ईसीजीच्या ‘लीड १’ या रेघेत (ही हृदयातली वायर नव्हे) लाट साधारणपणे खाली जाते. ती सरळ वर उभी दिसू लागली, तर डावा ठोका उमटत नसल्याचा संशय घ्यावा.

आता दम लागण्याविषयी. ही तक्रार पोट उडण्याशी जोडलेली असेलच असे नाही, म्हणून तिचा शोध वेगळा घ्यावा. पहिला आकडा पाहायचा तो यंत्राने दोन्ही खालच्या कप्प्यांना मिळून किती टक्के ठोके दिले याचा. दूरस्थ नोंदींवर आधारलेल्या २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात छत्तीस हजारांहून अधिक रुग्ण होते, हा आकडा ९८ टक्क्यांच्या वर असलेल्यांचे आयुर्मान सर्वांत चांगले दिसले. नव्वद टक्के म्हणजे शाळेच्या निकालात उत्तम, इथे ते नापास समजावे. पण हा आकडाही फसवा असू शकतो. यंत्र स्पंद सोडल्याची मोजणी करते. त्या स्पंदाने हृदय खरोखर पकडले की रुग्णाचा स्वतःचा ठोका आधीच तिथे पोहोचला होता, हे ते दर वेळी ओळखत नाही. आकडा ९९ आणि ईसीजीवर मात्र अर्धे ठोके रुग्णाचे स्वतःचेच, असे पाहायला मिळते. म्हणून शंका असेल तर २४ तासांचे होल्टर, म्हणजे सलग ईसीजी नोंद, करून घ्यावे.

टक्का कमी असेल तर कारणे शोधावी लागतात. वरच्या कप्प्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित थरथर, सुरू झालेले असू शकते. खालच्या कप्प्यातून मध्येमध्ये जादा ठोके येत असतील. या दोन्हींना आधी औषधे आणि गरज पडली तर वेगळा उपचार लागतो. नुसत्या प्रोग्रॅमरने ते सुटत नाहीत. तिसरे कारण मात्र पूर्णपणे प्रोग्रॅमरच्या हातातले आहे. वरच्या कप्प्याचा ठोका आल्यावर किती वेळाने खालच्यांना ठोका द्यायचा, तो काळ म्हणजे एव्ही डिले. तो फार लांब ठेवला तर रुग्णाचा स्वतःचा विद्युतप्रवाह आधी पोहोचतो आणि सीआरटी नावापुरते उरते. फार आखूड ठेवला तर वरचा कप्पा आकसण्याचे काम पुरे होण्याआधीच खालचा आकसतो आणि रक्त पुरते भरत नाही. साधारण १०० ते १२० मिलिसेकंदांपासून सुरुवात करतात; वरच्या कप्प्यालाही यंत्रच ठोका देत असेल तर त्यात ३० ते ५० मिलिसेकंद वाढवतात. शिवाय यंत्र किती वेगापर्यंत वरच्या कप्प्याच्या मागे जाईल याची कमाल मर्यादा असते. वडील शेतात चालू लागले की त्यांचा स्वतःचा वेग त्या मर्यादेच्या पुढे जात असेल, तर नेमका श्रमाच्या वेळी समन्वय सुटतो. दवाखान्यात बसून घेतलेल्या ईसीजीत हे कधीच दिसणार नाही. त्यासाठी वऱ्हांड्यात चार फेऱ्या मारायला लावून पुन्हा वँड ठेवावा.

प्रत्येक रुग्णाचा एव्ही डिले इकोवर तासभर बसून जुळवावा का, असे अनेक नातेवाईक विचारतात. माझे मत नाही असे आहे. २०१० च्या स्मार्ट-एव्ही चाचणीत सरसकट १२० मिलिसेकंद, इकोवरून ठरवलेला काळ आणि यंत्राच्या गणितावरून ठरवलेला काळ यांची तुलना झाली, आणि हृदयाचा आकार कमी होण्यात फरक आढळला नाही. जो रुग्ण सुधारतो आहे त्याच्यासाठी ही कसरत नको. जो सुधारत नाही, आणि ज्याची बाकीची कारणे तपासून झाली आहेत, त्याच्यासाठी मात्र इकोसमोर बसून एव्ही डिले आणि डाव्या-उजव्या कप्प्यांमधील अंतर, म्हणजे व्हीव्ही डिले, जरूर पाहावे. डाव्या बाजूला २० ते ४० मिलिसेकंद आधी ठोका दिल्याने क्यूआरएस, म्हणजे ईसीजीवरची खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लाट, आणखी अरुंद होताना दिसले, तर तो बदल मी ठेवतो. एकाच डाव्या लीडवरच्या दोन इलेक्ट्रोडांवरून एकापाठोपाठ ठोका देण्याची सोयही काही यंत्रांत आहे. तिने बॅटरी लवकर संपते, म्हणून ती मी अगदी शेवटी वापरून पाहतो.

औषधांचे काय, हेही विचारलेच पाहिजे. यंत्र बसले म्हणून गोळ्या बंद केल्याचे आमच्याकडे फार वेळा आढळते. भाकरीबरोबरचा ठेचा, लोणचे आणि पापड यांतून जाणारे मीठ हाही दम न जाण्याचा एक नेहमीचा, पण कोणी न सांगणारा भागीदार असतो.

बाहेरून जुळवण्याला मर्यादा आहेत, आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. लीड खरोखरच मागे सरकून कोरोनरी सायनसच्या मुख्य भागात आली असेल, तर कोणत्याही व्हेक्टरने खालचा कप्पा पकडला जात नाही. कधी कधी त्याऐवजी वरचा कप्पाच पकडला जातो. म्हणून समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढून ते बसवल्यानंतरच्या एक्स-रेशी ताडून पाहावेत. लीडचा विद्युतरोध एकाएकी फार वाढला असेल तर वायर तुटल्याचा, आणि फार घटला असेल तर तिच्यावरचे आवरण फाटल्याचा संशय येतो. तिथेही प्रोग्रॅमिंग कामाचे नाही. खांद्याजवळचे यंत्र बोटांनी चाळवत फिरवण्याची सवय काही रुग्णांना असते, तीही विचारून घ्यावी. अशा वेळी पुन्हा उघडणे टाळू नये. पण यांपैकी काहीच नसताना केवळ पोट उडते म्हणून उघडणे मला मान्य नाही, कारण यंत्र ठेवलेला कातडीखालचा खिसा दुसऱ्यांदा उघडला की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि तो झाला तर यंत्रासह सगळ्या लीड काढाव्या लागतात.

तुमच्यासाठी व्यवहाराचा भाग असा. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमरवर वाचता येत नाही. त्यामुळे हैदराबादहून मिळालेल्या ओळखपत्रावरचे यंत्राचे आणि डाव्या लीडचे मॉडेल आधी फोनवर कळवा, आणि त्या कंपनीचा प्रोग्रॅमर घेऊन येणारा माणूस नांदेडला की छत्रपती संभाजीनगरला, कोणत्या दिवशी असतो ते विचारूनच निघा. पुन्हा हैदराबाद गाठण्याची गरज बहुधा पडणार नाही. ओळखपत्र, बसवल्यानंतरचा एक्स-रे, आधीचा आणि नंतरचा ईसीजी, इकोचे कागद आणि चालू गोळ्या सोबत असू द्या. तपासणी झाल्यावर सर्व व्हेक्टरचे दोन्ही आकडे आणि शेवटी ठेवलेली सेटिंग यांची छापील प्रत मागून घ्या. पुढच्या वेळी वेगळा माणूस तपासायला बसला तर त्याला सुरुवातीपासून मोजावे लागणार नाही. घरी दूरस्थ नोंदी पाठवणारा मॉनिटर दिला असेल तर तो सुरू ठेवा, पण सध्याच्या बहुतेक यंत्रांत त्यावरून फक्त माहिती पाहता येते, सेटिंग बदलता येत नाही. त्यासाठी रुग्णाला यावेच लागते.

तोपर्यंत वडिलांनी उजव्या कुशीवर किंवा उशाला दोन उशा घेऊन झोपावे, गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत. पोट उडत असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून ठेवा. चक्कर आली, शुद्ध हरपली, यंत्राचा शॉक बसला, पायांवर एकदम सूज चढली किंवा यंत्राजवळची कातडी लाल होऊन गरम लागू लागली, तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.